शोरूममधला भाव आणि रस्त्यावरचा भाव

व्यापारी माणूस स्वतःच्या धंद्यात जितका जागा असतो, तितकाच तो दुसऱ्याच्या धंद्यात झोपलेला असतो. हा अनुभव आम्हांला नुकताच आला. तो घरात ठेवण्यापेक्षा आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपुढे मांडलेला बरा, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

शुक्रवार पेठेत आमचे चादरी आणि टॉवेलचे ठोक दुकान आहे. टॉवेलच्या डझनामागे दोन रुपयांसाठी आम्ही यंत्रमागवाल्याशी अर्धा अर्धा तास हुज्जत घालतो. सूत कोणत्या नंबरचे, वजन किती, कडेला विणकर कुठे हात आखडता घेतो, हे आम्ही डोळे मिटून कापडावर हात फिरवून सांगू. पण आमच्या मरहूम थोरल्या बंधूंच्या मुलाने गाडी घ्यायचे ठरवले आणि आम्हांला सोबत नेले, तेव्हा शोरूममध्ये हाती पडलेल्या कोटेशनच्या कागदावरील एकाही ओळीचा अर्थ आम्हांला धड लागला नाही. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी बाजाराने शिकवली. इंग्रजीतील आद्याक्षरांपुढे मात्र आम्ही अजूनही मुकाट बसतो. शेवटी बी.कॉम. झालेल्या मुलीला फोन करून एकेक ओळ वाचून घ्यावी लागली.

पुतण्याला साधी गाडी नको होती. दीड लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती, उभ्या जागेवरून शंभराचा वेग नऊ-एक सेकंदांत. "चाचा, महिन्यातून चार वेळा पुण्याला जायचे असते, गाडी दमदार हवी," असे त्याचे म्हणणे. आमचे म्हणणे असे की पुण्याचा रस्ता अडीचशे किलोमीटरचाच आहे, गाडी दमदार असली म्हणून तो कमी होत नाही. पण पोरगा कष्टाळू आहे, टॉवेलचे काम त्याने वाढवले आहे आणि पैसा त्याच्या हिश्श्याचा आहे. तेव्हा अडवण्यापेक्षा सोबत जाऊन हिशेब नीट करावा, असे ठरवले.

हिशेब नीट करण्याला कारणही होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात लावली, तेव्हा निर्यातीच्या टॉवेलवर जगणाऱ्या आपल्या शहराच्या पोटात गोळा आला होता. अशा दिवसांत जो पैसा सुतात किंवा मागावर लागला असता, तो चार चाकांत घालायचा, तर निदान त्यातला प्रत्येक रुपया कुठे जातो हे तरी कळले पाहिजे.

एका कागदावर दहा भाव

साबणाच्या वडीवर छापील किंमत असते. गाडीवर नसते. अमेरिकेत १९५८ साली कायदा झाला आणि तेव्हापासून तिथे नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेली किंमत आणि वरच्या सामानाची किंमत चिकटवावी लागते. आपल्याकडे गिऱ्हाइकाला मिळतो तो 'ऑन-रोड' नावाचा एक आकडा. सेल्समन बोटाने तोच आकडा दाखवतो, आणि मग ताबडतोब त्यावरून आपली नजर हटवून महिन्याच्या हप्त्याकडे नेतो. आम्ही म्हणतो, ऑन-रोड हा भाव नव्हेच. ती गठडी आहे. गठडी सोडल्याशिवाय आतला माल आपण कधी घेतो का?

आमच्या हाती आलेला कागद असा होता. एक्स-शोरूम १७,५०,०००. आरटीओ २,३२,०००. विमा ८६,०००. टीसीएस १७,५००. वाढीव वॉरंटी ३८,०००. ॲक्सेसरीज किट ४२,०००. फास्टॅग १,०००. हँडलिंग व लॉजिस्टिक १५,०००. एकूण २१,८१,५००. त्यातून 'तुमच्यासाठी खास' सूट ४०,०००. म्हणजे २१,४१,५००. चहा फुकट.

पुतण्या चाळीस हजारांच्या सुटीवर खूश होता. आम्हीही क्षणभर खूश झालो. पण घरी येऊन मुलीबरोबर कागद उलगडला, तेव्हा ध्यानात आले की जी सूट वरच्या ओळीत दिली होती, ती खालच्या ओळींत व्याजासकट वसूल झाली होती.

सरकारचा वाटा

प्रथम ज्या ओळींवर डीलरचा हात चालत नाही त्या पाहू. एक्स-शोरूम किमतीच्या पोटातच जीएसटी असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांचे दर बदलले. त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि त्यावर वेगवेगळा सेस असे. आता सेस गेला आणि पेट्रोल-डिझेल गाड्यांचे ढोबळ दोन गट राहिले. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल, तर १८ टक्के. त्याच्या वर गेले की ४० टक्के. दोन्ही अटी एकदम पाळल्या पाहिजेत. गाडी आखूड पण इंजिन मोठे, किंवा इंजिन लहान पण गाडी लांब, तरी ४० टक्केच. विजेवर चालणाऱ्या गाडीला ५ टक्के.

पुतण्याच्या गाडीला पूर्वी सेस धरून ४५ टक्के पडले असते, आता ४० पडतात. म्हणजे १७,५०,००० मध्ये गाडीची किंमत साडेबारा लाख आणि जीएसटी पाच लाख. ज्यांना थोडा जोर हवा पण इतका कर नको, त्यांच्यासाठी चार मीटरच्या आतल्या, एक लिटर वा १.२ लिटर टर्बो इंजिनाच्या सुमारे १२० अश्वशक्तीच्या गाड्या बाजारात आहेत. त्या १८ टक्क्यांत बसतात. हे आम्ही पुतण्याला सांगून पाहिले. त्याने ऐकले नाही, पण वाचकांनी ऐकावे.

दुसरा वाटा राज्याचा. महाराष्ट्रात खाजगी पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि २० लाखांच्या वर १३ टक्के आहे. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के. बाहेरच्या देशातून तयार होऊन आलेल्या गाडीला सरसकट २० टक्के. कराची वरची मर्यादा पूर्वी २० लाख होती, जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली.

या दराने १७,५०,००० वर कर २,१०,००० होतो. त्यावर नोंदणी फी, स्मार्ट कार्ड, कर्ज असल्यास बोजा नोंदणी अशा लहान रकमा येतात. त्या सगळ्या धरल्या तरी २,३२,००० कसे होतात, याचे उत्तर सेल्समनजवळ नव्हते. "सर, त्यात इतर खर्च आहेत," एवढेच तो म्हणाला. आमच्या पेठेत 'इतर खर्च' लिहिलेले बिल कोणी पास करील काय? नंबर प्लेटचे म्हणाल, तर १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी गाडीच्या कंपनीनेच द्यायची आहे आणि तिची किंमत गाडीच्या किमतीतच धरलेली असते. तिचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नयेत.

टीसीएसची ओळ पाहून पुष्कळजण हबकतात. १ जून २०१६ पासून १० लाखांवरच्या गाडीवर विक्रेत्याने एक टक्का आगाऊ आयकर गोळा करायचा आहे. हा खर्च नव्हे. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, कर लागत नसेल तर परत मिळतो. मात्र पॅन बरोबर दिला पाहिजे आणि आपल्या कर सल्लागाराला सांगितले पाहिजे. आमच्या ओळखीच्या दोघांनी गाड्या घेतल्या आणि हे पैसे मागायचेच विसरले.

डीलरचे पोट कशावर भरते

आता डीलरच्या बाजूनेही पाहू, कारण तोही आपल्यासारखा दुकानदारच आहे. नव्या गाडीवर डीलरला मिळणारे मार्जिन फार मोठे नसते. डीलरांची देशपातळीवरील संघटना फाडा ते पाच टक्क्यांच्या आतबाहेर असल्याचे सांगत आली आहे. त्यातून जागेचे भाडे, पगार आणि उभ्या असलेल्या मालावरचे बँकेचे व्याज जाते. चादरीची गाठ गोदामात पडली तर जागा अडते, गाडी पडली तर रोज व्याज चढते. म्हणून महिन्याच्या अखेरीस, तिमाहीच्या अखेरीस आणि डिसेंबरमध्ये डीलर हातघाईवर येतो. कंपनीने दिलेला विक्रीचा आकडा गाठला तर त्याला वेगळे बक्षीस मिळते. आकड्याला एक गाडी कमी असेल तर ती एक गाडी तो तोट्यातही देईल. गिऱ्हाइकाने जायचे ते त्या दिवशी.

मग पोट कशावर भरते? सर्व्हिसिंगवर, विम्याच्या कमिशनवर, कर्ज मिळवून दिल्याबद्दल बँकेकडून मिळणाऱ्या रकमेवर, वाढीव वॉरंटीवर आणि ॲक्सेसरीजवर. हे चुकीचे नाही. आपणही चादरीवर कमी घेतो आणि पडद्याच्या कापडावर भरून काढतो. चूक तिथे होते, जिथे गिऱ्हाइकाला न विचारता ही ओळ बिलात घुसते, आणि 'हे कंपल्सरी आहे' असे सांगितले जाते.

विमा त्याच डीलरकडून घेणे कंपल्सरी नाही. थर्ड पार्टी विमा मात्र कायद्याने अनिवार्य आहे, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तो तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्याचा हप्ता सरकारी दरपत्रकाने ठरतो, कोणीही कंपनी घ्या, तोच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात तीन वर्षांचा हप्ता १००० ते १५०० सीसी मोटारीला १०,६४० रुपये आणि १५०० सीसीच्या वर २४,५९६ रुपये होता. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. तिथे कंपन्या वाटेल तेवढी सूट देतात. आम्ही तीच रक्कम, तेच संरक्षण सांगून बाहेर विचारले, तर ८६,००० च्या जागी ६१,००० निघाले. मात्र तुलना करताना गाडीची धरलेली किंमत पाहावी. नव्या गाडीची ही किंमत साधारणपणे एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात. ती कमी दाखवून हप्ता स्वस्त करणारेही असतात.

हँडलिंग व लॉजिस्टिकबद्दल काय बोलावे? गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच असतो, म्हणूनच तिला शोरूमची किंमत म्हणतात. ही ओळ सरकारचा कर नव्हे, कंपनीचा आकार नव्हे. जुन्या काळी काही आडत्ये हमाली, तोलाई करून झाल्यावर पुन्हा 'किरकोळ' लावीत, त्यातला हा प्रकार. आम्ही विचारले, "या पंधरा हजारांची वेगळी पावती, जीएसटी नंबरासह, द्याल का?" सेल्समन आत गेला, मॅनेजर बाहेर आला, आणि ओळ गेली.

एक अपवाद सांगितला पाहिजे. खरोखरीच्या नामी, वेगवान आणि मोजक्या गाड्यांत गिऱ्हाइकाचा हात वर नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडा कंपनीने ऑक्टेव्हिया आरएस ही गाडी ४९.९९ लाखांना आणली. देशासाठी फक्त १०० गाड्या होत्या आणि त्या आधीच बुक होऊन संपल्या. तिथे सूट कोण मागणार? ती बाहेरून तयार आलेली, म्हणजे महाराष्ट्रात २० टक्के वाहन कर, जवळपास दहा लाख. आमच्या लहानपणी वडिलांनी बजाजच्या स्कूटरला नंबर लावला होता, आणि ज्यांना घाई होती ते 'ऑन' देऊन घेत. माल कमी आणि हौशी जास्त असले की भाव विकणाराच ठरवतो. हा नियम स्कूटरला होता आणि पन्नास लाखांच्या मोटारीलाही आहे.

रोखीचा राजा आता राजा नाही

आपल्या समाजात पुष्कळजण व्याजाच्या भीतीने कर्ज टाळतात आणि पूर्ण पैसे देऊन गाडी घेतात. कपड्याच्या बाजारात रोखीच्या गिऱ्हाइकाला वटाव मिळतो. त्यामुळे आमची समजूत अशी, की पूर्ण पैसे टेबलावर ठेवले की डीलर लवून सलाम करील. झाले उलट. आम्ही कर्ज नको म्हणताच सूट ४०,००० वरून २५,००० वर आली. कारण उघड आहे. कर्ज घेणाऱ्या गिऱ्हाइकामागे डीलरला बँकेकडून काही मिळते, आमच्यामागे मिळत नाही. म्हणून ज्यांना कर्ज घ्यायचेच नाही, त्यांनी ही गोष्ट पहिल्या भेटीत सांगू नये. आधी गाडीचा भाव ठरवावा, तो कागदावर सही-शिक्क्यानिशी घ्यावा आणि मग पैसे कसे देणार ते बोलावे. यात खोटे बोलणे नाही, फक्त आधीचे आधी आणि नंतरचे नंतर.

आणि पूर्ण पैसे म्हणजे नोटांची पिशवी नव्हे. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. पैसे बँकेतूनच जायला हवेत, आणि ते डीलरच्या कंपनीच्या खात्यावर. सेल्समनच्या खात्यावर बुकिंगचे अकरा हजारसुद्धा टाकू नयेत.

जे कर्ज घेतात त्यांनी निदान दोन शब्दांतला फरक समजून घ्यावा. पंधरा लाख, पाच वर्षे, घटत्या शिलकीवर ९ टक्के, तर हप्ता सुमारे ३१,१३८ आणि एकूण व्याज सुमारे ३ लाख ६८ हजार. तेच ९ टक्के 'फ्लॅट' असतील, तर व्याज ६ लाख ७५ हजार. टक्का एकच, फरक तीन लाखांचा. हप्ता किती, हे विचारणारा फसतो. एकूण परत किती करायचे, हे विचारणारा वाचतो.

फर्मच्या नावाने घ्यावी काय?

"फर्मच्या नावाने घ्या, जीएसटी परत मिळेल," हा सल्ला पेठेत चहाच्या टपरीवर मोफत मिळतो. तो चुकीचा आहे. तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचा परतावा साध्या व्यापाऱ्याला मिळत नाही. गाड्या विकणारा, प्रवासी वाहतूक करणारा किंवा गाडी शिकवणारी शाळा चालवणारा असेल, त्यांनाच तो मिळतो. धंद्यासाठी वापर असेल तर आयकरात घसारा मिळतो, तो खरा. पण कंपनीच्या नावाने नोंदणी केली तर महाराष्ट्रात पेट्रोल-डिझेल गाडीला वाहन कर २० टक्के लागतो. १७,५०,००० वर २,१०,००० च्या जागी ३,५०,०००. घसाऱ्याच्या आशेने एक लाख चाळीस हजार आधीच गेले. शिवाय पुढे गाडीत खोट निघाली आणि ग्राहक आयोगात जायची वेळ आली, तर धंद्यासाठी घेतलेल्या गाडीबाबत 'तुम्ही ग्राहकच नाही' असा मुद्दा समोरचा वकील काढतो. सल्लागाराला विचारून, दोन्ही बाजूंचा आकडा मांडूनच ठरवावे.

पुण्याची गाडी आणि १,७५८ रुपये

वेगवान गाडीच्या भावाबद्दल लिहिताना पुण्याची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीला उडवले आणि संगणक क्षेत्रात काम करणारे दोन तरुण, एक मुलगा आणि एक मुलगी, प्राणास मुकले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचे पोलिसांनी सांगितले. नंतर परिवहन आयुक्तांनी जी माहिती दिली ती प्रत्येक गाडी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावी. ती गाडी मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या डीलरकडून तात्पुरत्या नोंदणीवर महाराष्ट्रात आली होती. पुण्याच्या आरटीओत ती नेलीही होती, पण कायम नोंदणी झाली नव्हती, कारण फी भरली नव्हती. विजेवर चालणारी गाडी म्हणून तिला वाहन कर माफ होता. भरायचे होते १,७५८ रुपये. बोजा नोंदणीचे १,५००, स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालाचे ५८. कोटींच्या घरातील गाडी, आणि राहिली ती इतक्याशा पावतीसाठी.

यातून दोन गोष्टी आम्ही पुतण्याला बजावल्या. पहिली, नंबर पडल्याशिवाय गाडी घरी आणायची नाही. कायद्याने तात्पुरत्या वा कायम नोंदणीवाचून डीलरला गाडी ताब्यात देताच येत नाही. आमचा आग्रह पुढचा आहे. एमएच-१३ चा नंबर, पाटी आणि विम्याचा कागद हातात आल्यावरच चावी घ्यावी. शुक्रवारचा मुहूर्त चुकला तरी चालेल. दुसरी गोष्ट, चावी खुंटीला टांगायची नाही. त्याचा धाकटा भाऊ सोळा वर्षांचा आहे आणि गाडीच्या व्हिडिओंवर त्याचा जीव आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक वा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वर्षभर नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पण कायदा बाजूला ठेवा. दोन घरांचे दिवे विझले, त्याची भरपाई कोणत्या कोटेशनमध्ये बसते? दीडशे अश्वशक्तीची गाडी आपल्या गल्लीबोळांत घालणाऱ्याने ही किंमतही मांडून ठेवावी.

गाडी ताब्यात घेताना विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, जरूर वाचावा. त्यात गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी तयार झाली ते लिहिलेले असते. जानेवारीत घेतलेली गाडी गेल्या वर्षीची निघाली, तर विकताना ती एक वर्षाने जुनीच धरली जाते. जुना माल घेण्यास हरकत नाही, पण मग भावही जुन्या मालाचा हवा. आणि पैसे भरण्यापूर्वी चेसिस नंबर लिहून घेऊन तीच गाडी उजेडात पाहावी. आपण थान उलगडून पाहतो, तसे.

आमच्याच बिलातील एक ओळ

सौदा शेवटी पुतण्याच्या मनासारखा झाला. हँडलिंगचे पंधरा हजार गेले. किटऐवजी पायपुसण्या व मडफ्लॅप बाहेरून सहा हजारांत आले. विम्यात पंचवीस हजार वाचले. आरटीओच्या ओळीत 'पावतीप्रमाणे देऊ' म्हटल्यावर पंधरा हजारांवर रक्कम उतरली. वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी संपण्याआधी घेता येते असे कळल्यावर ती मागे ठेवली. सूट पंधरा हजारांनी घटली ती वजा करूनही, वॉरंटी न धरता, शहात्तर हजारांवर बचत झाली. तेवढ्यात सुताची काही पोती तरी आली असती, असे आम्ही म्हणालो. पुतण्या हसला.

पण गोष्ट इथे संपली नाही. गाडी आली त्याच आठवड्यात लातूरकडचा एक जुना किरकोळ दुकानदार माल न्यायला आला. बिल हातात घेऊन म्हणाला, "शेठ, हे बारदान-हमालीचे साडेतीनशे कशाचे? गाठ तर माझ्या पोराने टेम्पोत टाकली." आम्ही नेहमीचे उत्तर द्यायला तोंड उघडले, "ते सगळ्यांनाच लावतो." आणि तोंड उघडेच राहिले. शोरूमच्या मॅनेजरने आम्हांला हेच शब्द ऐकवले होते.

आम्ही मुनीमजींना जुनी बिले काढायला सांगितली. ही ओळ वडिलांच्या काळापासून होती. तेव्हा खरोखर गोणपाट लागे, हमाल लागे. आता माल प्लॅस्टिकच्या पिशवीत येतो आणि कित्येक गिऱ्हाइके स्वतः उचलून नेतात. खर्च गेला, ओळ राहिली. वर्षाकाठी ती रक्कम लहान नव्हती. मुनीमजींचे मत पडले की बाजारात सगळेच लावतात, आपण एकट्याने काढली तर भाव वाढवल्याशिवाय जमणार नाही. त्यांचे म्हणणे अगदी खोटे नाही. आम्ही असे ठरवले की जिथे बारदान आणि हमाल खरोखर लागेल तिथे लावायचे, एरवी नाही, आणि लावले तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधी सांगायचे. पहिल्या महिन्यात नफा थोडा उतरला आहे. पुढे काय होते ते पाहू.

मापात पाप नको, असे आपल्याकडे म्हणतात. मीटर आणि किलो आपण नीट ठेवतो, पण बिलाच्या खालच्या ओळीही मापच आहेत. तेव्हा वाचक बंधूंना आमची विनंती एवढीच. गाडी घ्या, अल्लाहने दिले असेल तर वेगवानही घ्या, पण कोटेशनची प्रत्येक ओळ वेगळी विचारा, प्रत्येक रकमेची पावती मागा, आणि फसवणूक झाली असे वाटले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवा. आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर स्वतःचे एक बिल काढून तेही तसेच वाचून पाहा.